बुरशीतले पतंग: पुण्यात शोधायचे, वाढवायचे आणि नोंदवायचे कसे

पतंग बघायचे म्हणजे पांढरी चादर ताणायची, दिवा लावायचा आणि चहाचा थर्मास घेऊन वाट बघत बसायचं, असंच नवख्यांना शिकवलं जातं. मोठ्या, नक्षीदार पतंगांसाठी ते ठीक आहे. पण काही अगदी लहान, करड्या-तपकिरी पाकोळ्यांच्या अळ्या बुरशीवर आणि कुजक्या लाकडावर वाढतात. त्यांच्यासाठी चादरीचा फारसा उपयोग नाही. काही येतात चादरीवर, पण आल्या तरी उडण्यापेक्षा पळणं पसंत करतात आणि चादरीच्या घडीत किंवा स्टँडमागच्या सावलीत जाऊन बसतात. शेजारी एखादा चंद्रपतंग बसला असेल तर त्यांच्याकडे कोणी बघतही नाही.

म्हणून इथे उलटा रस्ता सांगतो. आधी बुरशी शोधा, मग तिच्यातली अळी. अळी घरी वाढवा आणि पतंग बरणीतच बाहेर येऊ द्या. वेळ जास्त लागतो, पण पतंगासोबत त्याचं खाणं, राहणं आणि शत्रूसुद्धा कळतात. नुसत्या फोटोतून यातलं काहीच कळत नाही.

हे पतंग कोण

यातले बरेचसे टिनिइडी या कुळातले. जगात या कुळाच्या तीन हजारांच्या आसपास जाती नोंदलेल्या आहेत. फुलपाखरं आणि पतंग यांच्या बहुतेक अळ्या हिरवा पाला खातात; हे कुळ त्या वाटेला फारसं गेलंच नाही. बुरशी, दगडफूल, कुजकं लाकूड, पालापाचोळा, पक्ष्यांची जुनी घरटी, गुहेतली वटवाघळांची विष्ठा असं यांचं जेवण. लोकर, केस आणि पिसं यांतलं केराटिन पचवू शकणाऱ्या जाती थोड्याच आहेत, पण आजीच्या शालीला लागणारी कसर त्यांच्यातलीच असल्यामुळे सगळं कुळ बदनाम झालं. बुरशीत वाढणारे पतंग तुमच्या कपाटाकडे ढुंकूनही बघत नाहीत. घरात बरणी ठेवायची परवानगी मागताना हे वाक्य उपयोगी पडतं.

कुजकं लाकूड खातात असं म्हटलं तरी अळीला कोऱ्या लाकडात रस नसतो. लाकडात पोषण कमी, आणि पचवायला ते अवघड. बुरशीचे तंतू आत शिरून लाकूड मऊ करतात तेव्हाच ते खाण्याजोगं होतं. अळीच्या पोटात लाकडाइतकीच बुरशीही जाते. म्हणून नुसता वाळलेला ओंडका धुंडाळण्यात वेळ घालवू नका.

पहिली पायरी: घरातल्या भिंतीपासून

टेकडीवर जायच्या आधी डोळा तयार करायला घरातलाच एक नातेवाईक पुरेसा आहे. बाथरूमच्या बाहेरची भिंत, जिन्याचा कोपरा, माळ्यावरची ट्रंक सरकवल्यावर दिसणारा भाग इथे भोपळ्याच्या बीच्या आकाराची, करड्या रंगाची, चपटी पिशवी चिकटलेली दिसते. सेंटिमीटरभर लांब. बहुतेक घरांत तिला सिमेंटचा पापुद्रा किंवा कचरा समजून झाडून टाकतात. पण थोडा वेळ बघत राहिलात तर तिच्या टोकातून एक तपकिरी डोकं बाहेर येतं आणि पिशवी ओढत भिंतीवर चालू लागतं.

ही फेरेओइका या प्रजातीतल्या (जीनसमधल्या) पतंगाची अळी. आतून रेशीम आणि बाहेरून वाळूचे कण, धूळ, मातीचे बारीक तुकडे असं ते घर ती स्वतः बांधते. पिशवीला दोन्ही बाजूंनी तोंड असतं आणि अळी आतल्या आत वळून कुठूनही डोकं काढू शकते. कोळ्याची जुनी जाळी, मेलेल्या किड्यांचे अवशेष, गळलेले केस हे तिचं खाणं. पिशवी एका लहान झाकणाच्या डबीत ठेवा, सोबत कोळिष्टकाचा गोळा टाका आणि रोज एकदा बघा. अळी कशी चालते, विष्ठा कशी दिसते, कोष कुठे करते, रिकामी कात कुठे सोडते हे एकदा पाहिलं की झाडावरच्या खुणा वाचायला सोपं जातं.

इथे एक फसगत टाळा. मोरीजवळ बसणारा, लव असलेला, पंख पसरल्यावर बदामाच्या आकाराचा दिसणारा छोटा जीव हा पतंग नव्हे, माशी. तिला पंखांची एकच जोडी असते. आणि तांदळाच्या डब्यात जाळं धरणारी पाकोळी हे वेगळ्याच कुळाचं प्रकरण आहे.

दुसरी पायरी: कधी आणि कुठे

पुण्यात वर्षाला साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पहिल्या पावसात घाई करू नका. लाकूड आतपर्यंत भिजायला दोन-तीन चांगल्या झडी लागतात. जुलैच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या अखेरीपर्यंतचा काळ उत्तम. एप्रिल-मेमध्ये टेकड्यांवर सगळं इतकं कोरडं असतं की शोधण्यात अर्थ नाही. वर्षभर पाणी घातल्या जाणाऱ्या बागा मात्र याला अपवाद आहेत.

जागा म्हणाल तर सर्वात चांगली जागा म्हणजे तुमच्याच सोसायटीतलं म्हातारं झाड. पुण्यातल्या जुन्या गुलमोहरांच्या बुंध्याशी, जमिनीलगत, पंख्यासारखी पसरलेली तांबूस-तपकिरी चकचकीत कडक अळंबी बऱ्याचदा असते. ती गॅनोडर्मा. पर्जन्यवृक्ष, आंबा, सुबाभूळ यांच्या मेलेल्या फांद्यांवर लहान पांढुरक्या, केसाळ, खालून चिरा पडल्यासारख्या दिसणाऱ्या पाकळ्या असतात, तो शिझोफिलम. फणसाच्या जुन्या खोडावरचा काष्ठासारखा फणसोंबा कोकणातल्या आणि मावळातल्या लोकांना औषधी म्हणून ठाऊक असतो. शहरात तो क्वचितच भेटेल. पावसात गवतात उगवणाऱ्या मऊ कुत्र्याच्या छत्र्या मात्र सोडून द्या. त्या दोन-चार दिवसांत विरघळतात आणि त्यांच्यात बहुधा माश्यांच्याच अळ्या असतात.

वेताळ टेकडी, तळजाई, हनुमान टेकडी इथे गिरिपुष्पाची बरीच लागवड आहे, आणि त्याची वाळलेली, पडलेली खोडं पावसात बुरशीने भरून जातात. बघायला, फोटो काढायला जरूर जा. मात्र तिथून काही उचलून आणू नका. टेकड्यांचा बराच भाग वनखात्याच्या ताब्यात आहे, आणि भीमाशंकरसारख्या अभयारण्यातून तर वाळलेली काडीही आणायची नसते. गोळा करायचंच असेल तर स्वतःची बाग, गावाकडचं शेत, ओळखीच्या वाड्यामागचं परसू, नाहीतर लेखी परवानगी घेतलेली जागा.

आणि माळीकाकांशी ओळख करून घ्या. कुठल्या झाडाला काय उगवलंय हे त्यांना तुमच्याआधी माहीत असतं. पावसाळ्याच्या तोंडावर छाटणी झाली की ओंडके कुठे टाकतात, हेही तेच सांगतील.

तिसरी पायरी: अळंबी वाचायची कशी

माझ्या मते हीच खरी कला आहे, आणि ती शिकायला महाग काही लागत नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग, टॉर्च आणि गुडघे टेकायची तयारी असली की झालं.

वरून बघून उपयोग नाही. अळंबीच्या खाली डोकं घाला आणि टॉर्च तिरका धरा. नव्या, ओलसर, कड पांढरी असलेल्या अळंबीपेक्षा जुनी, कडक, कडा मरत चाललेली अळंबी जास्त फलदायी. खोडाला जिथे ती चिकटलेली असते ती फट आधी तपासा. तिथे बारीक तपकिरी दाणे रेशमाच्या धाग्यांत गुंफून लोंबताना दिसले तर थांबा. ते दाणे म्हणजे अळीची विष्ठा, आणि रेशीम ही पतंगाच्या अळीची सही. अळी आत बोगदा करते, त्याला रेशमाचं अस्तर लावते आणि बोगद्याच्या तोंडाशी विष्ठा अडकवून ठेवते.

गॅनोडर्माच्या बाबतीत नवखे हमखास फसतात. या अळंबीच्या बीजाणूंची तपकिरी भुकटी तिच्याच डोक्यावर, शेजारच्या पानांवर, कधी भिंतीवरही साचते. बोटाला ती एकसारखी मऊ लागते आणि फुंकर मारली की उडते. विष्ठेचे दाणे भिंगाखाली सुटे, गोलसर दिसतात आणि धाग्याला धरून राहतात. दम्याचा त्रास असेल तर या भुकटीजवळ मास्क लावा.

दुसरी फसगत भुंग्यांची. सिइडी कुळातले इवलेसे भुंगेरे अशाच कडक अळंब्या पोखरतात. त्यांची भोकं गोल, स्वच्छ, आणि खाली पडलेला भुसा कोरडा, सुटा असतो. रेशीम अजिबात नाही. एकाच अळंबीत दोघं असणंही नेहमीचं, त्यामुळे भुसा दिसला म्हणून निराश होऊ नका, फट पुन्हा बघा.

अळी हाती लागलीच तर पाय मोजा. पतंगाच्या अळीला छातीशी तीन जोड्या खरे पाय असतात आणि त्यामागे पोटाखाली मांसल, आखूड पायांच्या जोड्याही असतात. भुंगेऱ्याच्या अळीला फक्त पुढच्या तीन जोड्या. माशीच्या अळीला खरे पाय नसतात. टिनिइडींची अळी साधारण पांढरट, डोकं आणि मानेवरचं कवच तपकिरी. बोगद्यातून बाहेर काढली की ती मागे मागे सरकून पुन्हा अंधार शोधते.

सर्वात सुखद खूण म्हणजे अळंबीतून अर्धवट बाहेर आलेली पिवळसर, पारदर्शक कात. या कुळातला कोष पतंग बाहेर पडायच्या वेळी पाठीवरच्या बारीक काट्यांच्या आधाराने स्वतःला बोगद्याबाहेर ढकलतो आणि रिकामं कवच तिथेच अडकून राहतं. ते दिसलं म्हणजे एक पतंग उडून गेला. पण आत भावंडं असण्याची शक्यता चांगली.

चौथी पायरी: बरणी

अख्खी अळंबी कधीही तोडू नका. अळीच्या खुणा असलेला, तळहाताच्या निम्म्याहून लहान तुकडा धारदार सुरीने कापा आणि बाकीची झाडावर राहू द्या. कुजकं लाकूड असेल तर सालीसकट तुकडा घ्या. कागदी पिशवीत घाला; प्लास्टिकच्या पिशवीत वाटेतच घाम धरतो. पिशवीवर तिथेच पेन्सिलने तारीख, जागा, झाड आणि जमिनीपासूनची उंची लिहा. घरी गेल्यावर लिहू म्हणणाऱ्यांच्या नोंदी कधीच पुऱ्या होत नाहीत.

तुळशीबागेत मिळते तसली रुंद तोंडाची पारदर्शक बरणी चालते. तळाला दोन बोटं धुतलेली, भाजून गार केलेली वाळू. त्यावर जाळीचा तुकडा किंवा दोन काड्या, म्हणजे अळंबी थेट ओल्या वाळूवर बसत नाही. तोंडाला मलमलीचं कापड आणि रबरबँड. कापड दुहेरी घ्या. अगदी लहान पतंग सैल विणीतून निसटतात.

पाणी हाच या कामातला सगळ्यात नाजूक भाग. कोरडं झालं तर अळ्या सुकतात, आणि फार ओलं झालं तर दोन दिवसांत हिरवी बुरशी चढते, जी अळी खात नाही. पाणी अळंबीवर कधीही शिंपडू नका, बरणीच्या कडेने वाळूत चमचाभर सोडा. काचेच्या आतून थेंब जमलेले दिसले तर ओल जास्त झाली, कापड थोडा वेळ उघडं ठेवा. जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याची हवा मदत करते, ऑक्टोबरच्या उन्हात मात्र लक्ष ठेवावं लागतं. बरणी उन्हात नको, फ्रिजवर नको, उत्तरेच्या खिडकीजवळ सावलीत ठेवा.

मुंग्या येणारच. बरणी पाण्याने भरलेल्या ताटलीत उभी करा. बारीक पांढरे कोळीकीटक दिसू लागले तर अळंबीचा चांगला भाग नव्या बरणीत हलवा.

किती दिवस लागतील, याला एक उत्तर नाही. अळी किती मोठी असताना तुम्ही आणली, यावर सगळं अवलंबून आहे. काही आठवडे धरून चाला आणि रोज बरणी हलवून बघायचा मोह आवरा. कोष आतच होतो, बाहेरून काही दिसत नाही. विष्ठेचे नवे दाणे येणं थांबलं की अळी कोषात गेली असावी, एवढाच अंदाज.

पतंगाऐवजी एखाद्या सकाळी बरणीत लांब मिशांची सडपातळ गांधीलमाशी फिरताना दिसली तर तोंड वाकडं करू नका. तिच्या अळीने आतली पतंगाची अळी खाल्ली आहे. अशी परजीवी गांधीलमाशी नेमकी कोणत्या यजमानातून आली हे फार थोड्या वेळा नोंदलं जातं, त्यामुळे तीही जपून ठेवण्याजोगी. आपल्याला पतंग हवा होता म्हणून ती फेकून देणाऱ्यांचा मला राग येतो.

पाचवी पायरी: पतंग बाहेर आल्यावर

बाहेर आल्या आल्या पंख मऊ असतात, काही तास थांबा. मग बरणी पाच-दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. फ्रीझरमध्ये नव्हे. थंड झालेला पतंग आलेखाच्या कागदावर ठेवला की मिलिमीटरची मापं फोटोतच येतात.

फोटो तीन हवेत: वरून, बाजूने आणि समोरून डोक्याचा. लोक वरचाच काढतात आणि ओळख डोक्यावर अडकते. टिनिइडींच्या डोक्यावर ताठ, विस्कटलेल्या खवल्यांचा झुपका असतो. तोंडापुढच्या स्पर्शिकांच्या दुसऱ्या भागावर बाजूला आलेले राठ केस असतात. सोंड अगदी आखूड किंवा नसल्यासारखीच. बरेच पतंग या वयात जवळजवळ काही खात नाहीत. बसताना पंख अंगावर कौलारू छपरासारखे उतरते, मागच्या पंखांना लांब झालर. चादरीवर यांच्यासारखाच दिसणारा, पण मिशा शरीरापेक्षा लांब असलेला आणि डोकं गुळगुळीत असलेला पतंग असेल तर तो बहुधा लेसिथोसेरिडी कुळातला. त्याच्या बऱ्याच अळ्या वाळलेल्या पानांवर जगतात.

कुळापर्यंत पोहोचलात की नवख्यासाठी खूप झालं. जातीचं नाव देण्याची घाई करू नका. भारतातल्या कित्येक लहान पतंगांची पहिली वर्णनं एडवर्ड मेरिक यांनी केली. १८५४ ते १९३८ असा त्यांचा काळ, आणि पेशाने ते इंग्लंडमधले शाळामास्तर. बिहारमधल्या पुसा इथले कीटकशास्त्रज्ञ बेनब्रिग फ्लेचर इकडून नमुने पाठवत आणि मेरिक तिकडे बसून नावं देत. त्यांनी हजारो जाती लिहिल्या, पण वर्णनं त्रोटक, चित्रांशिवाय, आणि जननेंद्रियांची तपासणी त्यांना मान्यच नव्हती. आज मात्र अनेक जाती त्या तपासणीशिवाय वेगळ्या करता येत नाहीत, आणि मूळ नमुने लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये आहेत. त्यामुळे फोटोवरून छातीठोक नाव सांगणारा कोणी भेटला तर आदरपूर्वक चहा पाजा आणि नोंदीत कुळाचंच नाव ठेवा.

सहावी पायरी: नोंद

आयनॅचरलिस्ट या जीवांच्या नोंदी टाकायच्या संकेतस्थळावर फोटो टाकताना नुसता पतंगाचा टाकू नका. अळंबी, विष्ठेची जाळी, अळी, कात आणि पतंग हे सगळे एकाच नोंदीत, क्रमाने. खाली यजमान झाड, अळंबीचा प्रकार, अळी आणल्याची आणि पतंग निघाल्याची तारीख. मॉथ्स ऑफ इंडिया या संकेतस्थळावर आधीच्या नोंदी चाळता येतात. जुलैच्या उत्तरार्धात नॅशनल मॉथ वीक येतो. २०१२ साली अमेरिकेत सुरू झालेला हा उपक्रम आपल्या पावसाशी छान जुळतो, आणि त्या दिवसांत टाकलेल्या नोंदींकडे जाणकारांचं लक्ष जास्त जातं.

पतंग मेला तर तो रिकाम्या कातीसकट एका डबीत कोरडा ठेवा, सोबत चिठ्ठी. आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम प्रादेशिक केंद्र आहे. खरोखर वेगळं काही वाटलं तर फोटो आणि नोंद तयार ठेवून तिथे विचारणा करा. अळंबी ओळखण्यात अडलात तर आगरकर संशोधन संस्थेत बुरशींचा मोठा संग्रह आहे, पण आधी गॅनोडर्मा की शिझोफिलम इतपत गृहपाठ स्वतः करून जा.

लाकडाचा ढीग आणि सोसायटीची मीटिंग

हे सगळं दरवर्षी करायचं असेल तर लाकूड उरलं पाहिजे, आणि पुण्यात तीच अडचण आहे. फांदी पडली की दुसऱ्या दिवशी ट्रक येतो, नाहीतर कोपऱ्यात शेकोटी होते. बागेच्या टोकाला ओंडक्यांचा एक ढीग ठेवायचा प्रस्ताव मांडला की वाळवीचा मुद्दा हमखास निघतो, आणि तो अगदीच खोटा नाही. ढीग इमारतीच्या भिंतीपासून दूर, सावलीत, चार विटांवर उचलून रचा. जाड ओंडके खाली, फांद्या वर, आणि मधूनमधून सेक्रेटरींना सोबत नेऊन विटा दाखवा. धोकादायक झुकलेलं झाड वाचवा असं कोणी म्हणत नाही. ते कापू द्या, फक्त बुंध्याचे दोन तुकडे मागून घ्या. पहिल्या पावसाळ्यात त्यावर फार काही दिसणार नाही. बुरशी आधी आत पसरते, मग बाहेर फळते, आणि पतंग त्यानंतर येतात.

नोव्हेंबरमध्ये बरण्या आवरायला घ्याल तेव्हा कोरड्या पडलेल्या अळंब्या लगेच टाकू नका. भिंगाने एकदा तपासा; आत जिवंत अळी असेल तर तुकडा आणला त्याच झाडाच्या बुंध्याशी, खाचेत नेऊन ठेवा. बाकीच्यांची वाळू धुऊन उन्हात वाळवा आणि मलमलीचं कापड उकळून घ्या, नाहीतर पुढच्या जुलैत तेच कोळीकीटक आधी हजर होतील.